साबणावरचे नारिंगी डाग

वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही साबणावर लिहू असे कळवले. मंडळाला ते थोडे विचित्र वाटले असावे. परंतु ज्या माजी विद्यार्थिनींनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना आश्चर्य वाटणार नाही. शिवाय आज आपल्या अनेक माजी विद्यार्थिनी आणि पालक भगिनी बचत गटांतून घरच्या घरी साबण करतात आणि पावसाळा संपता संपता त्यांचा एकच प्रश्न येतो: वडीवर नारिंगी डाग पडले, खवट वास येतो, काय चुकले? त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका कटू प्रसंगातून शोधावे लागले. म्हणून प्रसंग आणि उत्तर दोन्ही येथे नोंदवतो.

करोनानंतर वसतिगृह पुन्हा उघडले तेव्हा हात धुण्याच्या साबणाचा खर्च एकदम वाढला. आवारातले नारळ होते, खोबरे घाण्यावरून काढून आणता येत होते. विज्ञानाच्या बाईंनी थंड पद्धतीचा साबण करण्याची कल्पना मांडली. तेल तापवून घोटत बसायचे नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून कोमट तेलात मिसळायचा, दाट होईपर्यंत घुसळायचे, साच्यात ओतायचे, दुसऱ्या दिवशी वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे मुरत ठेवायच्या. कॉस्टिकचे काम फक्त शिक्षकांनी, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून करायचे. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. ॲल्युमिनियमचे भांडे वापरायचे नाही, कारण कॉस्टिक ते खाते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. हे नियम भिंतीवर लावले. घुसळणे, ओतणे, कापणे हे नववी-दहावीच्या मुलींचे काम होते; ताजा साबणही त्वचेला पोळतो म्हणून त्यांनाही हातमोजे दिले होते.

जूनमध्ये दहा घाणे झाले, दीडशेच्या आत-बाहेर वड्या. जुलैत त्या पांढऱ्या शुभ्र होत्या. ऑगस्टच्या मध्यास कपाट उघडले तर निम्म्या वड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ते वाटाण्याएवढे नारिंगी-तपकिरी डाग होते आणि फोडणीचे तेल जुने झाल्यावर येतो तसा वास. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "कोणाचो तरी हात लागलो आसतलो." लोणच्याला बुरशी आली, पापड लाल पडले की घराघरांतून जे वाक्य ऐकू येते तेच हे वाक्य. मावशींच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांनी ते स्वतःच्या लहानपणी स्वतःबद्दलच ऐकले होते. पण ज्या मुलीने त्या आठवड्यात पाळी आलेली असताना वड्या कापल्या होत्या, तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि ती दोन दिवस जेवायला सर्वांबरोबर बसली नाही. आपल्या शाळेच्या छपराखाली विटाळाचा शब्द न उच्चारता विटाळ पाळला गेला, हे आम्हांला साबण बिघडण्यापेक्षा फार मोठे वाटले. समजुतीच्या गोष्टी सांगून हे मिटले नसते. डाग का पडतो हे सिद्ध करून दाखवणे भाग होते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. रसायनशास्त्र आमचे नव्हे. म्हणून पहिल्यांदा वाचन केले. 'साबण' हा शब्द आपल्या किनाऱ्यावर कोणत्या गलबतातून उतरला हे सांगणे सोपे नाही. अरबीतला 'साबून' आणि पोर्तुगीजांचा 'सबांव' एकाच लॅटिन मुळाचे आहेत. आपल्याकडे त्यापूर्वी रिठे आणि राख चालत होतीच. साबण म्हणजे तेलाचा रासायनिक पालट आहे, हे फ्रान्सच्या शेव्रल ह्यांनी १८२३ च्या ग्रंथात नीट मांडले. पण साबण कशाने बिघडतो ह्याची जाण त्याहून जुनी दिसली. १६८८ मध्ये फ्रान्समध्ये राजाज्ञा निघाली की, साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज दुसरी चरबी वापरू नये आणि जून, जुलै, ऑगस्ट ह्या उन्हाळ्याच्या महिन्यांत कारखाने बंद ठेवावेत, कारण उष्म्याने माल बिघडतो. कोणते तेल आणि कोणता ऋतू, हे दोन प्रश्न मार्सेलच्या साबणवाल्यांना सव्वातीनशे वर्षांपूर्वी पडले होते. भारतात १९१६ मध्ये म्हैसूरचा सरकारी साबण कारखाना आणि १९१७ मध्ये कोचीजवळ नारळाच्या तेलावर उभी राहिलेली टाटा ऑइल मिल्स ह्यांच्यापासून देशी साबणाचा व्यापार वाढला. नारळाचाच किनारा का निवडला, ह्याचे एक कारण पुढे येते.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिक ती जोडणी तोडतो. मेदाम्लाचा साबण होतो, ग्लिसरीन मोकळे होऊन वडीतच राहते. मेदाम्ले दोन जातींची. संतृप्त मेदाम्लाच्या साखळीत हवेतल्या प्राणवायूला शिरायला फट नसते. असंतृप्त मेदाम्लात दुहेरी बंध असतात आणि दोन दुहेरी बंधांच्या मधली जागा सर्वांत कच्ची असते. तेथे प्राणवायू शिरला की एक अस्थिर संयुग तयार होते, ते फुटते आणि शेजारच्या रेणूला पेटवते. सड्यावरच्या वाळल्या गवतात ठिणगी पडावी तसा हा वणवा एका ठिकाणी सुरू होऊन पसरतो. म्हणूनच डाग ठिपक्याने सुरू होतो, सगळी वडी एकदम पिवळी पडत नाही. फुटलेल्या तुकड्यांतून जी अल्डिहाइडे निघतात त्यांचा वास म्हणजेच खवटपणा.

कोणते तेल किती असंतृप्त हे आयोडीन मूल्यावरून कळते. खोबरेल तेलाचे हे मूल्य साधारण ७ ते १०, कोकमाच्या मुठेलाचे ३५ च्या आसपास, शेंगदाणा तेलाचे ८५ ते ९९, तिळाचे १०५ च्या वर, सूर्यफुलाचे १०० ते १४५, करडईचे १३५ ते १४८, जवसाचे १७० च्या वर. आकडा जितका मोठा तितकी डागाची भीती अधिक. अपवाद एरंडेलाचा. त्याचे मूल्य ८२ ते ९० असले तरी त्याच्या मुख्य मेदाम्लात दुहेरी बंध एकच असतो, त्यामुळे ते पुष्कळ टिकते. खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास मेदाम्ले संतृप्त, म्हणून साबणाच्या व्यापाराने नारळाचा किनारा धरला.

आमच्या वडीत काय होते? एक किलो तेलात ४०० ग्रॅम खोबरेल, ३५० ग्रॅम सूर्यफूल, १५० ग्रॅम मुठेल, १०० ग्रॅम एरंडेल. सूर्यफूल घातले ते स्वस्त म्हणून. आणि ते उघड्या डब्यातले, मागच्या वर्षाचे. स्वयंपाकाला नको झालेले तेल साबणाला चालेल हा सर्वत्र आढळणारा हिशेब चुकीचा आहे. ज्या तेलात वणवा अगोदरच धुमसत आहे ते साबणात घातल्याने विझत नाही.

दुसरे कारण आम्हांला त्याहून बोधप्रद वाटले. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतो हे ठरलेले असते: एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, सूर्यफुलाला ०.१३४, मुठेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. आमच्या घाण्याला त्याप्रमाणे १५३ ग्रॅम लागतो. त्वचेला सौम्य वाटावे म्हणून पाच टक्के तेल मुद्दाम मोकळे ठेवतात, तेव्हा १४५ ग्रॅम घ्यायचा. तेवढाच घेतला होता. पण कॉस्टिकचा डबा उघडून पाहिला तर पांढरे खडे एकमेकांना चिकटलेले, तळाशी ओल. हा पदार्थ हवेतले पाणी ओढतो आणि कार्बन डायऑक्साइडही. मालवणच्या जूनमध्ये सैल झाकणाचा डबा म्हणजे त्याला मेजवानीच. समजा शंभर ग्रॅममध्ये आठ ग्रॅम पाणी शिरले, तर तराजूवर १४५ दिसले तरी खरा कॉस्टिक १३४ च्या आतच भरतो आणि मोकळे तेल पाचाऐवजी जवळजवळ तेरा टक्के राहते. वजन बरोबर, नोंद बरोबर, तरीही साबण बिघडतो तो असा. मोकळे राहिलेले तेल साबणापेक्षा लवकर खवटते आणि त्यात सूर्यफुलाचा वाटा असला तर विचारूच नये. तेव्हापासून कॉस्टिक लहान सीलबंद पुड्यांत घेतो, फोडलेली पुडी घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत ठेवतो आणि पावसाळ्यात चिकटलेला कॉस्टिक साबणाला वापरत नाही.

तिसरे कारण आपल्या जमिनीतले. लोखंड आणि तांबे ह्यांचे अतिसूक्ष्म कण त्या अस्थिर संयुगांना फोडतात आणि वणवा भडकवतात; त्या कामात धातू स्वतः खर्च होत नाही, म्हणून कणभरही पुरतो. तांबे तर लोखंडापेक्षाही तिखट. आपल्या आवारातली विहीर जांभ्यात खोदलेली आहे. तिचे पाणी पांढऱ्या वाडग्यात रात्रभर ठेवले तर सकाळी तळाशी तांबूस गाळ बसतो. मोरीच्या फरशीवर पिवळट ओघळ पडतो तो ह्याच लोखंडाचा. तेच पाणी आम्ही चिंचेने लखलखीत घासलेल्या तांब्याच्या हंड्यात साठवून वापरले होते. पिण्याच्या पाण्याबद्दल हंड्याचे काय गुण सांगतात ते सांगोत, साबणाच्या पाण्याला तो वर्ज्य. मुठेलाचेही तसेच. रातांब्याच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढून थिजले की मुठीने गोळा वळतात. ती उकळ गंजक्या लोखंडी कढईत झाली असेल तर गंजाचा अंश गोळ्याबरोबर साबणात येतो. आणि वड्या मुरवल्या होत्या त्या गंज चढलेल्या तारेच्या जाळीवर. उलटवून पाहिल्यावर तळाचे डाग एका ओळीत, तारेच्या रेघेवर बसलेले दिसले. हे सर्वप्रथम त्या मुलीनेच दाखवले. बोटे अशा रेघेत लागत नाहीत, एवढेच ती बोलली.

येथे सावधगिरीची सूचना. वडीवर दिसणारे सगळे काही खवटपणा नव्हे. वर पांढरी पूड धरली तर ती बहुधा सोड्याची राख. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेली, पुसली की गेली. ओल्या हवेत वडीला घाम फुटतो तो ग्लिसरीनने ओढलेल्या पाण्याचा. तुळशीचे पान किंवा जास्वंदीची पाकळी घातली असेल तर तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ येतेच. खवटाची खूण म्हणजे नारिंगी छटा, किंचित चिकटपणा आणि वास. नाकाला ह्या कामात तोड नाही.

मग प्रयोग. विज्ञानाच्या बाईंनी अट घातली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुन्याच पाककृतीचा पहिला घाणा विहिरीच्या पाण्यात करून जाळीवर ठेवला. दुसऱ्यात फक्त पाणी बदलले. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळते ते ऊर्ध्वपातित पाणी आणले. तिसऱ्यात विहिरीचेच पाणी, पण सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचे लिंबूसत्त्व घातले. ते कॉस्टिकशी मिळून सोडियम सायट्रेट होते आणि लोखंड-तांब्याला बांधून ठेवते. किलोभर तेलाला दहा ग्रॅम पुरते. मात्र ते कॉस्टिक खात असल्याने दहा ग्रॅममागे सहा ग्रॅम कॉस्टिक वाढवावा लागतो, नाहीतर मोकळे तेल पुन्हा वाढते. चौथा घाणा पहिल्यासारखाच, पण बांबूच्या चटईवर मुरत ठेवलेला. पाचव्यात सूर्यफूल काढून टाकले: ६०० ग्रॅम खोबरेल, ३०० ग्रॅम मुठेल, १०० ग्रॅम एरंडेल, कोरडा कॉस्टिक १५५ ग्रॅम, दुप्पट ऊर्ध्वपातित पाणी, बांबूची चटई. ही मापे किलोची. आम्ही प्रत्येक घाणा लहानच केला, सहा वड्यांचा.

यादी येथे संपत होती. तेव्हा ती मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माज्या हातचो एक घाणो वेगळो धरूया. मग बघूया." तिने सुचवले की पाचव्या घाण्याचीच पाककृती घ्यावी, कॉस्टिकखेरीज सर्व काम तिने एकटीने करावे आणि ते पाळीच्या दिवसांतच करावे. हे चारचौघींत बोलायला पंधराव्या वर्षी काय लागते ते वाचकांनी समजून घ्यावे. विज्ञानाच्या बाईंनी नोंदवहीत सहाव्या घाण्यापुढे 'बदललेली गोष्ट' ह्या रकान्यात ती जशीच्या तशी लिहिली. मावशींना वड्यांवर लक्ष ठेवायला सांगितले, म्हणजे निकालावर कोणाचा आक्षेप नको.

वड्या एकाच कपाटात ठेवून दर शनिवारी पाहिल्या. पहिल्या घाण्यावर सातव्या आठवड्यात डाग आले, प्रथम तळाशी तारेच्या रेघेवर, मग वर. चौथ्यावर थोडे उशिरा, विखुरलेले, रेघ नव्हती. दुसऱ्यावर दिवाळीच्या सुट्टीनंतर, मोजके. सायट्रेटच्या तिसऱ्या घाण्यात जानेवारीपर्यंत सहापैकी एका वडीवर टाचणीएवढा एकच ठिपका दिसला. पाचवा आणि सहावा घाणा दोन्ही स्वच्छ राहिले आणि दोन्हींचा वास खोबऱ्याचाच होता. मावशींनी सहाव्या घाण्याची वडी नाकाशी धरली, उलटसुलट पाहिली आणि ती हात धुवायला घेऊन गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

सहा वड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे आम्हांला मान्य आहे. पण आमचे निष्कर्ष जाणकारांच्या कामाशी जुळतात. अमेरिकेतील रसायनाचे प्राध्यापक केव्हिन डन ह्यांनी थंड पद्धतीच्या साबणावर २०१० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. धातू बांधणारी ईडीटीएसारखी द्रव्ये आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये डाग लांबवतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसते. ईडीटीए आपल्याकडे गावात सहज मिळत नाही; लिंबूसत्त्व मिळते. अनेक जणी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घालतात. त्यावर आमचा फारसा विश्वास नाही. लोखंडाचे पाणी आणि जुने तेल तसेच ठेवून वर गोळी घालण्यात अर्थ नाही.

पाचव्या पाककृतीचा दोषही सांगितला पाहिजे. खोबरेल जास्त म्हणजे फेस भरपूर, पण त्वचा कोरडी पडते. थंडीत काही मुलींनी तशी तक्रार केली. मुठेल महाग पडते. आता आम्ही खोबरेल थोडे कमी करून किलोमागे शंभर ग्रॅम ताजे शेंगदाणा तेल घालतो, अर्थात कॉस्टिकचे गणित नव्याने मांडून, आणि त्या घाण्याला लिंबूसत्त्व चुकवत नाही. जूनपूर्वी वर्षाचा साठा करून ठेवण्याऐवजी दोन महिन्यांपुरतेच करतो. वड्या मुरेपर्यंत उघड्या, अंधाऱ्या, वाऱ्याच्या जागी बांबूवर ठेवतो. मुरल्यावर कागदात गुंडाळून पत्र्याच्या नव्हे, प्लास्टिकच्या डब्यात. ज्या भगिनींना विक्री करायची आहे त्यांनी हे सर्व करण्याआधी सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखालील परवान्याची चौकशी करावी. साबण त्या कायद्यात येतो.

डाग पडलेल्या वड्यांचे काय करायचे, असेही विचारले जाते. डाग लहान असेल तर सुरीने कापून टाकावा आणि वडी लगेच वापरावी. वास पसरला असेल तर अंगाला लावू नये, कपडे धुवावेत. किसून, वितळवून नव्या साबणात मुळीच मिसळू नये. जुना खवट अंश नव्या तेलाला पेटवतो. आमच्या त्या वड्या विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर नाताळच्या सुट्टीपर्यंत संपल्या.

नोंदवही प्रयोगशाळेत आहे. सहाव्या घाण्यातली एक वडी, तारीख कोरलेली, तिच्याशेजारी कागदात ठेवली आहे. जूनमध्ये नवीन मुली आल्या की विज्ञानाच्या बाई ती कागद सोडून प्रत्येकीच्या हातात देतात आणि वास घ्यायला सांगतात.